बेरीज जुळली, पाऊस चुकला: संगमेश्वर तालुक्यातल्या एका पर्जन्यमापकाचं प्रकरण

संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याला असलेल्या एका गावात शाळेच्या आवारात दोन पर्जन्यमापक आहेत. एक साधा, हाताने मोजायचा. गावातले निवृत्त गुरुजी रोज सकाळी साडेआठला त्यातलं पाणी मोजपात्रात ओततात आणि वहीत आकडा लिहितात. दुसरा स्वयंचलित, दरडीच्या धास्तीने ग्रामपंचायतीने बसवून घेतलेला. दोघांमध्ये दहा-बारा पावलांचं अंतर, दोन्ही मोकळ्यावर, दोघांची तोंडं जमिनीपासून जवळपास सारख्याच उंचीवर. आणि दोघांचे आकडे जुळत नाहीत, म्हणून मला बोलावलं होतं. मी रत्नागिरीत उपकरणं तपासण्याचं आणि दुरुस्त करण्याचं काम करतो.

'जुळत नाहीत' एवढ्यावर कुठल्याच यंत्राचं निदान होत नाही. कधी जुळत नाहीत ते बघावं लागतं, आणि ते गुरुजींच्या वहीत व्यवस्थित उतरलेलं होतं. पहिल्या पावसाळ्यात रिपरिप पावसाच्या दिवशी दोन्ही आकडे तंतोतंत जुळत. पाऊस धरून बसला, कोसळायला लागला, की यंत्र मागे पडे. जुलैतल्या एका दिवशी गुरुजींचे १८२ मिमी आणि यंत्राचे १७६. ऑगस्टमध्ये मात्र गंमत झाली. मोठ्या पावसाच्या दिवशीही फरक जवळजवळ मिटला. एका दिवशी १५१ आणि १४९. यंत्र आता रुळलं, असं सगळ्यांनी मानलं.

तरी १८२ आणि १७६ हा फरक पंचायतीला खुपत होताच. पुढच्या मृगाआधी पुरवठादाराचा माणूस आला, त्याने आतून साफसफाई केली, खालचे दोन स्क्रू फिरवले आणि 'कॅलिब्रेशन केलं' असा शेरा मारून गेला. त्या पावसाळ्यात मोठे दिवस बऱ्यापैकी जुळायला लागले आणि लहान दिवस बिघडले. गुरुजींच्या १२ मिमीला यंत्र १२.४ म्हणू लागलं.

"आधी मोठ्या पावसात खोटं बोलायचं, आता लहान पावसात बोलतं," गुरुजी म्हणाले. "माणूस बदलला की यंत्र बदललं, ते तुम्ही सांगा."

तिसरी तक्रार कोणी लेखी केलेली नव्हती. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेला घर असलेल्या एका काकूंनी बोलता बोलता सांगितली. मागच्या श्रावणात पऱ्या त्यांच्या अंगणाला लागला होता, गोठ्यात पाणी शिरलं होतं, आणि त्या दिवशी पंचायतीच्या मोबाइलवर पावसाची तीव्रता तासाला चाळीस मिमीच्या वर गेलीच नव्हती. चाळिशीच्या पावसाला पऱ्या अंगणात येत नाही, हे त्यांना सांगायला यंत्राची गरज नव्हती. या प्रकरणातली सगळ्यात गंभीर तक्रार हीच ठरली. वहीत मात्र तिचा मागमूसही नव्हता, कारण त्या दिवशीची बेरीज जुळलेली होती.

आधी काय बाजूला काढलं

तालुक्याच्या गावच्या आकड्यांशी तुलना करा, असा सल्ला काहींनी दिला होता. कोकणात त्याचा उपयोग नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३. पाऊसच जागोजागी इतका वेगळा पडत असेल, तर दोन गावांच्या यंत्रांतला फरक यंत्राचा की ढगाचा, हे कळायला मार्ग नाही. दहा पावलांवरचा गुरुजींचा पर्जन्यमापक म्हणूनच सोन्याच्या मोलाचा होता.

दुसरा संशयित वारा. मापकाच्या तोंडावरून वारा वळसा घेऊन जातो तेव्हा बारीक थेंब आत पडायचे चुकतात. हे खरं आहे, आणि आपल्याकडे वारा आणि मुसळधार पाऊस हातात हात घालून येत असल्यामुळे 'मोठ्या पावसात कमी' हे लक्षण वाऱ्यालाही शोभतं. पण वाऱ्याचा फटका दोन्ही मापकांना जवळपास सारखा बसणार. शिवाय वारा वगळून यंत्र तपासण्याची सोपी सोय असते: उघडीप बघून मापलेलं पाणी आपणच ओतायचं.

आत काय असतं

हे यंत्र टिपिंग बकेट जातीचं आहे. वर २०० मिमी व्यासाचं नरसाळं, त्याच्या खाली मधोमध टेकलेली दोन कप्प्यांची छोटी बादली. एक कप्पा भरला की बादली कलंडते, ते पाणी सांडून जातं आणि दुसरा कप्पा धारेखाली येतो. प्रत्येक कलंडण्याबरोबर एक चुंबक रीड स्विचसमोरून (चुंबक जवळ आला की जुळणाऱ्या स्विचसमोरून) जातो आणि लॉगरमध्ये, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या पेटीत, एक टिप नोंदली जाते. एक टिप म्हणजे ०.२ मिमी पाऊस. नरसाळ्याचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंमी, म्हणजे एका टिपेला ६.२८ मिली पाणी. सतराव्या शतकात लंडनमध्ये क्रिस्टोफर रेनने अशी कलंडती बादली वापरली होती. कल्पना तीच आहे, फक्त मोजणी आता इलेक्ट्रॉनिक झाली.

इथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी की लॉगरमध्ये पाऊस नोंदला जात नाही. पाऊस नरसाळ्यातून उतरतो, नळीतून गळतो, बादलीला कलंडवतो, आणि त्या कलंडण्याच्या वेळा नोंदल्या जातात. मध्ये दोन टप्पे आहेत आणि दोघांचा स्वभाव वेगळा. आत गेलेल्या पावसाचं बाहेर येताना काय होतं, हे सांगणाऱ्या नात्याला यंत्राचा प्रतिसाद म्हणतात. आमच्या प्रकरणात दोन्ही टप्प्यांनी आपापला प्रताप दाखवला होता आणि एकाचा दोष दुसऱ्याने झाकला होता.

बादलीचा टप्पा: सेकंद तेच, टक्के वेगळे

बादलीची पहिली चाचणी सलाईनच्या बाटलीने केली. औषधाच्या दुकानात मिळते ती, ५०० मिलीची, नळी आणि चिमट्यासकट. पाचशे मिली म्हणजे या यंत्राच्या हिशोबाने १५.९ मिमी, म्हणजे ऐंशीच्या आत-बाहेर टिपा यायला हव्यात. धार अगदी संथ ठेवली आणि ८२ आल्या. याचा अर्थ बादली ६.२८ मिलीऐवजी साधारण ६.१ मिलीलाच कलंडत होती. फिरवलेल्या स्क्रूंचा हा परिणाम. पुरवठादाराच्या माणसाने १८२ भागिले १७६ असा हिशोब करून बादलीची घडणच तीन-साडेतीन टक्क्यांनी लहान करून ठेवली होती. गुरुजींचे १२ यंत्राला १२.४ का दिसत होते, याचं उत्तर तिथेच मिळालं.

स्क्रू मागे फिरवून बादली पुन्हा ६.२८ मिलीवर आणली. मग खरी चाचणी सुरू झाली. पाच लिटरचा पाण्याचा कॅन, त्याला घट्ट रबरी बूच, बुचातून आत जाणारी हवेची नळी आणि खाली वेगवेगळ्या जाडीच्या सुया. हवेची नळी आत जिथे संपते तिथपासूनच पाण्याचा दाब मोजला जातो, म्हणून कॅनमधलं पाणी कमी होत गेलं तरी धार एकसारखी राहते. प्रयोगशाळेत याला मॅरिओट बाटली म्हणतात. आमची शाळेच्या व्हरांड्यात, बाकावर स्टूल ठेवून उभी होती.

प्रत्येक वेळी दोन लिटर पाणी सोडलं. बादलीने काहीही वाया घालवलं नाही, तर त्याच्या ३१८ टिपा होतात. तासाला ५० मिमी एवढ्या वेगाने सोडलं तेव्हा ३१२ आल्या. १०० च्या वेगाने ३०६. २०० च्या वेगाने २९४. परत करून पाहिलं की एक-दोन टिपा इकडे-तिकडे होत, पण घसरण तीच. सहा, बारा, चोवीस. वेग दुप्पट, तर तूटही दुप्पट.

या आकड्यांकडे टक्क्यांत न बघता सेकंदांत बघितलं की चित्र स्वच्छ होतं. तासाला २०० मिमीच्या वेगाने बादली भरायला ३.६ सेकंद लागायला हवेत. प्रत्यक्षात दोन टिपांमध्ये सरासरी ३.९ सेकंद गेले. १०० च्या वेगाला ७.२ हवे होते, गेले साधारण ७.५. ५० च्या वेगाला १४.४ ऐवजी १४.७. म्हणजे पाऊस कसाही असो, प्रत्येक टिपेमागे अंदाजे ०.३ सेकंद जास्तीचे जातात. बादली कलंडायला सुरुवात करते तेव्हापासून मधली भिंत धारेखालून सरकेपर्यंतचा हा वेळ. त्या वेळात पडणारं पाणी आधीच भरलेल्या कप्प्यात पडतं आणि हिशोबात न येता सांडून जातं. रिमझिम पावसात तीन दशांश सेकंदांत पडतं ते पाणी नगण्य. तासाला १०० मिमीच्या पावसात तेच चार टक्के होतं आणि २०० ला पावणेआठ.

गायगर काउंटरवर काम केलेल्यांना हे गणित ओळखीचं वाटेल. एक कण मोजल्यावर काउंटर क्षणभर बधिर असतो आणि त्या क्षणात आलेले कण सुटतात. सूत्र अक्षरशः तेच आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षं वापरात असलेल्या सायफनच्या, कागदावर रेघ काढणाऱ्या पर्जन्यमापकालाही हाच रोग. १० मिमी पाणी साठलं की सायफनने टाकी रिकामी होते आणि ती रिकामी होत असताना पडलेला पाऊस रेघेत येत नाही. २००७ ते २००९ या काळात इटलीत विन्या दि व्हाल्ले इथे जागतिक हवामान संघटनेने निरनिराळे तीव्रतामापक एकाच मैदानात उभे करून ताडून पाहिले, त्यात टिपिंग बकेटच्या या तुटीच्या दुरुस्तीचा विचार अर्थातच होता. थोडक्यात, यंत्र बिघडलेलं नव्हतं. ते आपल्या जातीप्रमाणे वागत होतं.

आमच्या यंत्रापुरतं दुरुस्तीचं सूत्र असं निघालं:

खरी तीव्रता = नोंदलेली तीव्रता ÷ (१ − नोंदलेली तीव्रता ÷ २४००)

तीव्रता तासाला मिमीमध्ये. २४०० ही संख्या ०.२ मिमीला ०.३ सेकंदांनी भागून येते. नोंद ९६ असेल तर खरा पाऊस १००. नोंद १० असेल तर दुरुस्ती अर्ध्या टक्क्याच्याही आत, सोडून दिली तरी चालेल.

स्क्रू फिरवून हे का साधत नाही, तेही यातून दिसतं. स्क्रू बादलीचा आकार बदलतो, म्हणजे सगळ्या पावसाला एकच गुणक लावतो. तूट मात्र तीव्रतेबरोबर वाढते. एका तीव्रतेला जुळवलं की त्याखालच्या सगळ्या पावसाला जास्त आणि वरच्या सगळ्या पावसाला कमी दिसणार. काही उत्पादक मुद्दाम मधल्या तीव्रतेला जुळवून देतात आणि तसं लिहून ठेवतात. तो व्यवहारी तोडगा आहे, त्यात लबाडी नाही. पण आंबा-काजूच्या बागायतदाराला त्याची झळ बसू शकते. मोहोराच्या दिवसांतला अवकाळी पाऊस जेमतेम काही मिमी असतो, आणि फळपीक विम्याचा निर्णय पाऊस एखाद्या उंबरठ्याच्या वर गेला की खाली राहिला, यावर होत असेल, तर संथ पावसातले तीन टक्केही निकाल फिरवू शकतात. मुसळधार पावसासाठी केलेली दुरुस्ती फेब्रुवारीतल्या शिडकाव्यालाही लागते.

दुरुस्ती नेमकी कुठे लावायची, यावर पंचायतीच्या संगणक ऑपरेटरशी माझा थोडा वाद झाला. त्यांच्याकडे पंधरा-पंधरा मिनिटांच्या बेरजा होत्या आणि त्यांनाच सूत्र लावावं, असं त्यांचं म्हणणं होतं. समजा पंधरा मिनिटांत १५ मिमी नोंदले गेले. सरासरी तीव्रता तासाला ६०, दुरुस्ती करून १५.४ मिमी. पण तो सगळा पाऊस पाच मिनिटांच्या एका सरीत पडला असेल तर त्या पाच मिनिटांत तीव्रता १८० होती, आणि दुरुस्त आकडा १६.२. दुरुस्ती तिप्पट झाली. तूट तीव्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे आधी सरासरी आणि मग दुरुस्ती हा क्रम चालत नाही. नशिबाने लॉगरच्या कार्डावर प्रत्येक टिपेची वेळ साठवलेली होती. मोबाइलवर फक्त बेरजा जात होत्या. ते कार्ड कोणी पुसलं नव्हतं, म्हणून पुढचं सगळं करता आलं.

नरसाळ्याचा टप्पा: सुळक्याची टेकडी

टिपांच्या वेळा कागदावर काढल्या आणि पहिल्या वर्षीचा ऑगस्ट वेगळा उठून दिसला. जून-जुलैमधल्या सरी उभ्या सुळक्यांसारख्या, झटकन चढणाऱ्या आणि झटकन उतरणाऱ्या. ऑगस्टमधल्या सगळ्या बसक्या आणि पसरट, मागे लांबलचक शेपूट असलेल्या. शेपटीतल्या टिपांमधलं अंतर हळूहळू, अगदी शिस्तीत वाढत जातं. निसर्गातला पाऊस असा शिस्तीत थांबत नाही. तो थांबतो, परत येतो, पागोळ्या गळत असतानाच ऊन पडतं. इतकी गुळगुळीत शेपूट दिसली की समजावं, ती पावसाची नाही, साठलेल्या पाण्याची आहे.

मी गेलो तेव्हाही श्रावणच होता आणि नरसाळं पुन्हा अर्धवट तुंबलेलं होतं. काढून साफ करायचा मोह आवरला. आधी पाव लिटर पाणी एकदम ओतलं आणि टिपा मोजत बसलो. स्क्रू अजून आवळलेलेच होते (ही चाचणी सलाईनच्या आधीची), म्हणून ४१ टिपा अपेक्षित होत्या. आल्याही ४१. पण पहिल्या वीस मिनिटांत त्यातल्या सव्वीसच आल्या. उरलेल्या पुढे तासभर रेंगाळत आल्या, एकेक टिप आधीच्यापेक्षा उशिरा. नंतर जाळी काढली. आत सुरूच्या काड्या, शेवाळ, जांभ्याची लाल माती आणि कुंभारमाशीच्या घराचे तुकडे यांचा एक गच्च थर होता. तो काढून तेच पाणी पुन्हा ओतलं, तर मिनिटभरात सगळं खाली. टिपा मात्र या वेळी ३३ च. एवढ्या वेगाने पाणी आलं की बादलीची तूट प्रचंड वाढते.

या दोन आकड्यांत सगळं प्रकरण सामावलेलं आहे. तुंबलेल्या नरसाळ्याने एकही टिप गमावली नाही आणि स्वच्छ नरसाळ्याने आठ गमावल्या.

एकदम ओतलेलं पाणी यंत्रातून कसं बाहेर येतं, त्या वक्राला आवेग-प्रतिसाद म्हणतात. तो माहीत असला की कुठल्याही सरीचं यंत्र काय करेल, ते सांगता येतं, कारण सर म्हणजे एकामागून एक ओतलेले असे छोटे लोटेच. तुंबलेल्या नरसाळ्याचा कालांक सुमारे वीस मिनिटं निघाला, म्हणजे साठलेलं पाणी एक-तृतीयांशाच्या थोडं वर उरायला लागणारा वेळ. आता समजा तासाला १०० मिमीची सर दहा मिनिटं कोसळली. वीस मिनिटांच्या कालांकाचं नरसाळं ती बादलीपर्यंत पोचवताना जास्तीत जास्त ३९ चा वेग गाठतं आणि उरलेलं पाणी नंतर सावकाश सोडतं. काकूंचा चाळीसचा आकडा इथून आला. पऱ्याला पाणी शंभरच्या वेगाने मिळालं होतं, मोबाइलला चाळीसच्या.

आणि ऑगस्टमध्ये बेरीज का जुळली, तेही इथेच उलगडतं. नरसाळं पाणी संथ सोडत होतं, म्हणून बादलीला घाई नव्हती, म्हणून तूट चारवरून टक्का-दीड टक्क्यावर आली. १५१ ला १४९. गुरुजींच्या वहीशी यंत्र सगळ्यात चांगलं जुळलं ते नेमकं त्या दिवसांत, ज्या दिवसांत दरडीच्या आणि पुराच्या दृष्टीने ते सगळ्यात निकामी होतं. रोजच्या बेरजेवरून स्वयंचलित यंत्राची परीक्षा घ्यायची आपल्याकडची सवय इथे उघडी पडते. बेरजेला पाणी कधी आलं याचं सोयरसुतक नसतं.

हरवलेला सुळका परत मिळतो का?

गणित म्हणतं, मिळतो. बाहेर येणारा वेग आणि तो बदलण्याचा दर दोन्ही माहीत असले, की बदलण्याच्या दराला कालांकाने गुणून मूळ वेगात मिळवायचं, आत पडलेला पाऊस हाती येतो. पंचायतीला ऑगस्टचे आकडे हवे होते, म्हणून करून पाहिलं.

मिनिटामिनिटाचे आकडे घेतले. यंत्राची सर्वात लहान पायरी ०.२ मिमी, मिनिटाला एक टिप म्हणजे तासाला १२ मिमी. लागोपाठच्या दोन मिनिटांत एका टिपेचा फरक पडला, आणि तो तर पडतच असतो, तर बदलण्याचा दर दर मिनिटाला १२. त्याला वीसने गुणा. तासाला २४० मिमीचा खोटा पाऊस तयार झाला, पुढच्या मिनिटाला उणे २४० चा. टिप मिनिटाच्या या बाजूला पडली की त्या बाजूला, एवढ्या योगायोगावर अतिवृष्टी आणि उणे पाऊस आलटून पालटून दिसायला लागला. मग पंधरा मिनिटांची सरासरी घेतली. हा गोंगाट पार निवळला, पण दहा मिनिटांची सर पंधरा मिनिटांच्या सरासरीत जेवढी उमटायची तेवढीच उमटली. शिवाय कालांक वीसच धरायचा हा तरी आधार कुठला? वीस मिनिटं हे मोजमाप दुसऱ्या वर्षीच्या घाणीचं. आदल्या ऑगस्टमधली घाण रोज वाढत असणार, मध्येच एखाद्या जोराच्या सरीने थोडी सुटतही असणार.

मी तो उद्योग थांबवला. पहिल्या वर्षीच्या ऑगस्टची रोजची बेरीज ठेवली, तीव्रतेच्या रकान्यात 'वापरू नये' असा शेरा घातला. शेपूट पहिल्यांदा जिथे दिसते ती तारीख या शेऱ्याची सुरुवात, पुरवठादाराने साफ केलं ती तारीख शेवट. दुसऱ्या वर्षीच्या शेपट्यांचाही तसाच हिशोब केला. पंचायतीतल्या एक-दोघांना हे रुचलं नाही. एवढं गणित येतं तर आकडा काढून द्या, असा सूर होता. पण त्या रकान्यात घातलेला आकडा पुढे साकवाच्या, म्हणजे पऱ्यावरच्या लहान पुलाच्या, अंदाजपत्रकात जाणार होता.

ही भीती पोकळ नव्हती. पऱ्यावर साकव घालायचा आहे आणि त्यासाठी अभियंत्याला पावसाची कमाल तीव्रता हवी होती. लहान पाणलोटासाठी ते नेहमीचं सूत्र वापरतात: प्रवाह म्हणजे ०.२७८ गुणिले वाहून जाण्याचं प्रमाण गुणिले तीव्रता गुणिले क्षेत्रफळ. एक चौरस किलोमीटरचा उतार आणि ०.७ हे प्रमाण धरलं, तर तासाला ८० मिमीला सेकंदाला साडेपंधरा घनमीटर पाणी येतं आणि ४० मिमीला त्याच्या निम्मं. बादलीच्या चार टक्क्यांनी साकवाच्या गाळ्यात फारसा फरक पडत नाही, अभियंता तेवढी मोकळीक ठेवतोच. नरसाळ्यातल्या शेवाळाने मात्र साकवच अर्ध्यावर आला असता. तक्रार चार टक्क्यांची झाली, खर्च चार टक्क्यांवर झाला आणि निम्म्याची चूक कोणाच्या वहीत नव्हती.

अभियंत्याला शेवटी पहिल्या वर्षीच्या जून-जुलैचे, नरसाळं स्वच्छ असतानाचे आकडे दिले. तेव्हा स्क्रू मूळ जागी होते, हे लहान दिवस तंतोतंत जुळत होते त्यावरून कळतं. टिपांच्या वेळांवर सूत्र लावलं, आणि हा एकाच पावसाळ्यातला तुकडा आहे, यापेक्षा मोठा पाऊस धरून चाला, असं सोबत लिहून दिलं. एका पावसाळ्यावर साकव बांधू नये, हे त्यांनाही माहीत होतं. त्यांच्याकडे जवळच्या मोठ्या केंद्राच्या जुन्या नोंदी होत्या, आमचा आकडा त्यांनी पडताळ्यापुरता घेतला.

आता काय चालू आहे

स्क्रूंवर रंगाचा ठिपका मारून ठेवलाय, कोणी फिरवले तर दिसावं म्हणून. दुरुस्ती लॉगरच्या बाहेर, संगणकावर होते. मूळ टिपा तशाच ठेवल्या जातात. पावसाळ्यात दर रविवारी गुरुजी जाळी काढून धुतात आणि महिन्यातून एकदा पाव लिटर पाणी ओततात. त्यात टिपा किती आल्या याकडे ते बघत नाहीत, शेवटची टिप किती वेळाने आली ते बघतात. दोन मिनिटांच्या वर गेली की नरसाळं उतरवायचं. त्या टिपा पावसात मिसळू नयेत म्हणून ओतल्याची वेळ वहीत लिहायची. ही शेवटची अट गुरुजींनीच घातली.

स्वयंचलित यंत्र आता नीट चालतंय, तर हाताचा पर्जन्यमापक कशाला, असा प्रश्न ग्रामसभेत निघाला होता. तो ठेवायचा ठरलं. बादलीची तूट त्याच्यामुळेच दिसली. त्याचे स्वतःचे दोष आहेत. आतल्या पृष्ठभागाला चिकटून राहणारं पाणी मोजपात्रात येत नाही, आणि अतिवृष्टीच्या दिवशी बाटली भरून वाहायच्या आत कोणीतरी रिकामी करावी लागते. गुरुजी अशा दिवशी दुपारीही फेरी मारतात.

वाऱ्याचा प्रश्न तसाच आहे. दोन्ही मापकांच्या तोंडावरून तोच वारा वाहतो, त्यामुळे दोघं जुळले तरी दोघंही मिळून किती पाऊस चुकवतात, ते या जोडीतून कळणार नाही. त्यासाठी तिसरा मापक लागतो, तोंड जमिनीच्या पातळीला येईल असा खड्ड्यात बसवलेला, भोवती थेंब उडून आत जाऊ नयेत म्हणून जाळी. आपल्याकडे अडचण अशी की जुलैत असा खड्डा पाण्याने भरतो आणि मापकच तरंगायला लागतो. शाळेच्या मागच्या उतारावर, खालच्या बाजूने पाइप काढून देता येईल अशी एक जागा आम्ही बघून ठेवली आहे. जांभा फोडायचं काम पावसात होत नाही, दिवाळीनंतर चिरेखाणीवरची माणसं मोकळी झाली की खणायला घेऊ.